आपटबारचा खांदा

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे आपटबार म्हणतात. लहानपणी तिने दार लावलं की शेजाऱ्यांना कळायचं, ताट ठेवलं की गल्लीला. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "हिच्या हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर घर पाडेल ही." काम मिळालं ते असं: तिच्या कॉलेजातल्या तिघांनी पंक रॉकचा बँड काढला. ड्रमवर बसायला कोणी मिळेना, तेव्हा हिने कधी काठ्या हातात धरलेल्या नसताना "येतं मला" म्हणून ठोकून दिलं.

मी लग्न होऊन आले तोवर बँड चांगला रुळला होता. पंक म्हणजे काय ते मला पहिल्याच कार्यक्रमात कळलं. गाणं सुरू झालं म्हणून सावरून बसावं, तर ते संपलेलं असतं. शब्द बहुतेक घरमालकाला आणि साहेबाला उद्देशून. गाणारा दिवसा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलतो, की हाच तो, हे सांगूनही पटत नाही. आपटबार दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी फर्निचरच्या गोदामात, भिंतींना गाद्या टेकवून, तालीम. फारसं नाव झालं नाही, पैसा तर नाहीच. तिला त्याचं काही नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. आपल्याला काय आवडतं हे इतकं स्वच्छ ठाऊक असलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

पन्नाशीत तिचा उजवा खांदा आखडला. इस्त्री कशीबशी फिरायची, पण हात वर म्हणून जाईना. तिची वेणीसुद्धा मी घालायला लागले. त्यात बँडच्या तिसाव्या वर्षाचा कार्यक्रम तोंडावर आलेला. गायक घरी आला आणि चहा निवेपर्यंत नुसती खांद्याची चौकशी करत बसला.

"सरळ बोल ना," ती म्हणाली. "पोस्टातल्याला विचारलंयस, हो ना?"

पोस्टात नोकरी करणारा एकजण दुसऱ्या एका बँडमध्ये वाजवायचा. गायकाने मान खाली घातली. "विचारून ठेवलंय. पण तू म्हणशील तसं."

"मग मीच वाजवणार."

तिने सगळे ड्रम उलटे मांडले, उजवीकडचं डावीकडे, आणि डाव्या हाताला शिकवायला बसली. घरी उशा बडवायची. हात वळला, पण वेग येईना. पंक इतकं हळू वाजवलं तर अंगाई होईल, असं मी म्हटलं. ती हसली नाही, तेव्हा मी जीभ चावली.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. पहिलं गाणं तिने जोरात उचललं. अर्ध्यात डावा हात मागे पडला. गिटारवाला पुढे गेला आणि परत आला. एरवी शब्द तोंडावर फेकणारा गायक प्रत्येक ओळीच्या शेवटी तिची वाट बघायला लागला. लोकांच्या लक्षात आलं नसेल. तिच्या आलं.

गाणं संपल्यावर तिने कडेला उभ्या असलेल्या पोस्टातल्याला बोलावलं. "बस तू. हे माझ्यासाठी थांबतायत. पंकमध्ये कोणी कोणासाठी थांबत नसतं."

त्याने ड्रम पुन्हा सरळ मांडून घेतले, तोवर ती खाली येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मला फार वाईट वाटत होतं.

दुसरं गाणं जुन्या वेगात सुटलं. ती टक लावून बघत होती.

"वहिनी, हा गाताना असं तोंड करतो?"

"पहिल्यापासून."

"आणि गिटारवाला चक्क हसतोय. तालमीत तर तोंड पाडून वाजवतो."

"लोकांसमोर नेहमीच हसतो की. तू बघितलं नाहीस कधी?"

"मला कुठून दिसणार? स्टेजवर मी यांच्या पाठीच बघत आले."

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. तिसरं गाणं सुरू झालं तसं तिने डोळे पुसले आणि समोरच्या उंच माणसाला डाव्या हाताने हलवत म्हणाली, "सरका जरा. मला दिसत नाहीये."