पुलाच्या तोंडाशी कोळशाचा ढीग

आलापल्लीच्या लाकूड आगारातून दुपारी एक वाजता ट्रक निघाला. मागे सागाचे अकरा ओंडके, पुढे ड्रायव्हर इस्माईलभाई आणि मी. संपादकांनी पुण्याहून पाठवताना काम सोपे सांगितले होते. चांदा जिल्ह्याच्या जंगलातले लाकूड, बांबू आणि कोळसा ज्या मालगाड्यांनी बाहेर जातो, त्या गाड्यांची वर्धा नदीकाठची चार छायाचित्रे रविवारच्या पुरवणीसाठी हवी होती. लाकूड तोडताना पाहून झाले होते. आता त्याच्याबरोबर बल्लारपूरपर्यंत जायचे होते.

तासाभराने एका वळणावर इस्माईलभाईंनी ट्रक थांबवला. इंजिन चालूच ठेवले. खाली उतरून त्यांनी ऐनाची एक फांदी मोडली आणि रस्त्याकडेच्या ढिगावर टाकली. ढीग कमरेएवढा होता. वाळलेल्या फांद्या, मधूनमधून दगड. आजूबाजूला वस्ती नव्हती.

"काय आहे ते?" मी विचारले.

"बाघाने आदमी मारला ना इथी (इथे). जो या रस्त्यानं जाईल, त्यानं एक फांदी नाई तर दगड टाकायचा. तुमी बी टाका."

"मी त्याला ओळखत नव्हतो."

"मी कुठी ओळखत होतो?"

मी उतरलो नाही. इस्माईलभाई परत चढले आणि ट्रक पुढे निघाला. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडल्यावर एकदम म्हणाले, "एक फांदी मोडली असती तर हात झिजला असता का तुमचा?"

बल्लारपूरला पोचेपर्यंत अंधार पडला. स्टेशनसमोरच्या खानावळीत जाड्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि जवसाची चटणी मिळाली. वाढणाऱ्या बाईंनी मी काय कामाला आलो ते विचारले. ऐकून त्या आतल्या माणसाला म्हणाल्या, "अवो, हे भाऊ मालगाडीचा फोटू काढाले आले. आपल्या पोरीच्या लग्नात फोटूवाला नाई भेटला!" नंतर त्यांनीच जागा सुचवली. "पुलाकडं जा सकाळी. पन धुई (धुके) राह्यते. सांभाळून जाजा."

सकाळी साडेपाचला निघालो. वारा अजिबात नव्हता. रुळांच्या कडेने दक्षिणेला चालत गेले की वस्ती मागे पडते आणि जमीन नदीकडे उतरू लागते. धुके जमिनीपासून डोक्याच्या वर दोन हातांपर्यंत होते. त्यावर आकाश स्वच्छ होते. झाडांचे शेंडे दिसत, बुंधे दिसत नसत. नदी दिसली नाही. पुलाच्या पहिल्या लोखंडी तुळईचे टोक तेवढे दिसले. पुढचा पूल धुक्यात होता.

जागा चांगली होती. भरावाच्या उतारावर तिपाई उभी केली. जमीन तिरपी असल्यामुळे एक पाय अधांतरी राहत होता. जवळच कोळशाचा ढीग होता, माझ्या छातीएवढा. त्यातला एक सपाट तुकडा घेऊन मी तिपाईच्या पायाखाली सरकवला. कॅमेरा पातळीत आला.

मग आवाज ऐकू आला. ठण. थोड्या वेळाने पुन्हा ठण. लोखंडावर हातोडा पडत होता आणि आवाज जवळ येत होता. प्रत्येक ठोक्यानंतर, श्वास घ्यावा इतक्या अंतराने, पुलाच्या बाजूने दुसरा ठोका येत होता, किंचित मऊ.

धुक्यातून एक माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, अंगावर घोंगडी, खांद्याला झेंड्यांची पिशवी, हातात लांब दांड्याचा हातोडा. रूळ जागी धरणाऱ्या लोखंडी पाचरांना चाव्या म्हणतात. रात्रीत त्या सैल होतात. रोज सकाळी आपल्या हद्दीतली प्रत्येक चावी पाहून ठोकत जायचे, हे त्याचे काम. या माणसाला चावीवाला म्हणतात. याला मी येथे जयराम म्हणेन. या मजकुरातली नावे बदललेली आहेत.

त्याने आधी मला पाहिले, मग कॅमेरा, मग तिपाईचा पाय.

"ते ठेवा, भाऊ," तो हळूच म्हणाला. "जिथून घेतलं तिथी ठेवा."

मी तुकडा काढून ढिगावर ठेवला. तेव्हा मला ढीग नीट दिसला. कोळसा इंजिनातला होता, ओंजळीएवढे तुकडे. खालचे पावसाने भुरे पडलेले, वरचे ताजे. थंडीचे दिवस, अर्ध्या मैलावर वस्ती, आणि एकही तुकडा कोणी नेलेला नव्हता. कालचा रस्त्यावरचा ढीग मला आठवला. विचारायची गरज नव्हती, तरी विचारले.

"माहा (माझा) भाऊ," जयराम म्हणाला. "सोमा. माह्या आधी याच हद्दीत चावीवाला होता. अशीच धुई होती. मालगाडी आली, त्याले दिसली नाई. ज्याची गाडी होती, त्या ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी इथी कोळसा टाकला. मंग सगळेच टाकू लागले. जंगलात फांदी टाकते, इंजिनावर फांदी कुठून आनन?"

तो हातोडा रुळावर टेकवून बसला आणि त्याने बिडी पेटवली. "पुन्याहून येवढ्या दूर मालगाडी पाहाले आले? तिकडं गाड्या नाईत का?"

"आहेत. नदी आणि जंगल नाही."

"नदी तं आज इथीही नाई," तो धुक्याकडे पाहून म्हणाला आणि स्वतःच हसला.

पुलावरून येणाऱ्या दुसऱ्या ठोक्याबद्दल मी विचारले. तो म्हणाला, सोमा जबाब देतो. मी टाळी वाजवली. तेवढ्याच अंतराने पुलाच्या दगडी खांबांवरून टाळी परत आली. पुन्हा वाजवली, पुन्हा आली. प्रतिध्वनी होता. मी तसे सांगितले. जयरामने मान हलवली. "हो, तसंच असन."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. कोणीतरी तक्रारीचा कागद केला होता की जयरामच्या हद्दीत रेल्वेचा कोळसा चोरून साठवला जातो. साहेब आज ट्रॉलीवरून तपासायला येणार होते. चोरी ठरली तर नोकरी जाणार, रेल्वेची खोली जाणार. त्या खोलीत त्याची बायको, सोमाची बायको आणि दोघांची मिळून पाच मुले राहत होती.

"तुमी फोटू काढा. कोळसा इंजिनावरून येते, हे साहेबाले दिसलं पाह्यजे."

"काढतो."

"पन तोंड नको येऊ देजा, भाऊ. टाकनाऱ्याचं तोंड दिसलं तं त्याची नोकरी जाईन. माही वाचवाले त्याची नाई द्याची मले. हात येऊ द्या. फक्त हात."

हात हवा, चेहरा नको. मी कॅमेरा खाली घेतला आणि नेम इंजिनाच्या पायरीजवळ धरला. ज्याने टाकायचे तो बाहेर किती वाकेल, हे मात्र माझ्या हाती नव्हते.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी जयरामने रुळाला कान लावला आणि मला मागे सरकायला सांगितले. मला काहीच ऐकू येत नव्हते. धुके आवाज गिळत होते. आधी पायाखालची जमीन थरथरली. मग धुक्याच्या वर, झाडांच्या शेंड्यांजवळ, फक्त धूर सरकताना दिसला. खाली गाडी नव्हतीच. पुढच्या क्षणी इंजिन वीस पावलांवर होते. शिट्टी झाली नाही. जयरामने नंतर सांगितले की सोमाला मान म्हणून या जागी कोणीच शिट्टी देत नाही.

पायरीवर एक माणूस उभा होता. त्याने बाहेर वाकून हात उचलला. मी कळ दाबली. कोळसा ढिगावर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग बांबूने भरलेले डबे एकामागून एक पुलावर गेले आणि दिसेनासे झाले. मी बावीस मोजले. शेवटच्या डब्यातल्या गार्डने टोपी काढलेली होती.

"तोंड आलं का?" जयरामने विचारले.

"निगेटिव्हची काच धुतल्याशिवाय सांगता येत नाही."



साडेसातला ट्रॉली आली. चार माणसे ढकलत होती, छत्रीखाली साहेब बसले होते. मध्यमवयीन, चष्मा, नीट इस्त्रीचा कोट. त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. मी माझे काम आणि जे पाहिले ते सांगितले : धावत्या इंजिनावरून एक तुकडा टाकला गेला.

"कोणी टाकला?"

"चेहरा मी पाहिला नाही," मी म्हणालो. ते खरे होते. मी हात पाहत होतो.

"चोरी नसेल, मानतो. पण कोळसा रेल्वेचाच आहे. असा पडून राहता येणार नाही. आजच उचलून स्टेशनला पोचवा." ते ट्रॉलीवाल्यांकडे वळले. "चला."

चौघांपैकी कोणी हलले नाही. एक जण ट्रॉलीचे चाक निरखू लागला.

"का रे, हात नाहीत?" साहेबांनी विचारले.

"साहेब," जयराम म्हणाला, "मी उचलन. माही ना नाई. पन पयला तुमी उचला."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग वाकून वरचा एक तुकडा उचलला.

पुलावरून ठोका आला. ठण.

मग दुसरा. मग तिसरा. चावीवाला चालत ठोकत जातो त्याच अंतराने, आणि दर वेळी थोडा जवळ. मी जयरामकडे पाहिले. त्याचा हातोडा खांद्यावर होता आणि दोन्ही हात दांड्यावर. ट्रॉलीवाल्यांचे हात रिकामे होते. धुके अजून पुलावर होते.

"तिकडे आज कोणाची पाळी आहे?" साहेबांनी विचारले. तुकडा अजून त्यांच्या हातात होता.

"माहीच, साहेब. दुसरा कोनी नाई."

आणखी एक ठोका आला. साहेबांनी तुकडा जागेवर ठेवला, अगदी होता तसा, काळजीपूर्वक. ठोके थांबले. त्यांनी रुमालाने बोटे एकेक करून पुसली, वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "पुलाच्या तोंडाशी भरावाची माती खचते. आधारासाठी कोळशाच्या टाकाऊ तुकड्यांचा ढीग. हलवू नये." मग खाली सही केली. ट्रॉली पुलाकडे जायची होती. ती बल्लारपूरकडे परत गेली.

जयराम मात्र पुलाकडे निघाला. त्याची हद्द पुलापलीकडेही होती. धुक्यात शिरताना त्याने हातोडा खाली घेतला. पहिला ठोका पडला. मी उत्तराची वाट पाहिली. श्वासभर अंतराने ते आले, किंचित मऊ.

आठनंतर धुके उठले. पूल शेवटपर्यंत दिसू लागला आणि पुलावर एकच माणूस होता. नदी सपाट, काचेसारखी होती. उरलेली तीन छायाचित्रे मी तासाभरात काढली.

दुपारच्या पॅसेंजरने वर्ध्याकडे निघालो आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो. पुरवणीत नदी, पूल आणि ओंडक्यांचे डबे छापून आले. चौथे छायाचित्र आले नाही.

ते चांगले उतरले होते. मी आजवर काढलेल्या छायाचित्रांत तेच सर्वांत चांगले असेल. हात ताणलेला आहे, कोळसा हवेत आहे, मागे धुके. पण तो माणूस माझ्या अंदाजापेक्षा जास्त वाकला होता. चेहरा स्पष्ट आला आहे. तरुण आहे, मिशी नुकती राखलेली. त्याचे डोळे मिटलेले आहेत.

लाल दिव्याखाली मी ते बराच वेळ पाहिले. मग मूळ काचेवरचे ते चित्र खिळ्याने खरवडून काढले. हे लिहिताना त्याच्याऐवजी दाखवायला माझ्याजवळ काही नाही.

त्या ठोक्यांचे काय, असे कचेरीत मला विचारतात. मी जे नोंदवले तेच सांगतो : वारा नव्हता आणि हातोडा खांद्यावर होता. एक नोंद मात्र माझ्या वहीत करायची राहून गेली. स्टेशनकडे परत फिरण्यापूर्वी मी रुळाकडेचा एक दगड उचलला आणि ढिगावर टाकला. आलापल्लीच्या रस्त्यावरचा अजून बाकी आहे.