याडीची हासली आणि बेटावरचा भाचा

आर्णीहून अंदमानला निघायच्या आधी, ज्यानं आयुष्यात गावचा तलावही पोहून पार केला नव्हता त्यानंसुद्धा मला बेटावरच्या ठगांवर व्याख्यान दिलं. हॉटेल बंद झालं असं सांगून रिक्षावाला भलतीकडेच नेईल, मोती म्हणून प्लास्टिक गळ्यात बांधतील, भाड्याच्या स्कूटीवरचा जुनाच ओरखडा दाखवून भरपाई मागतील. मी सगळं पाठ केलं. विमानात पाणी देणाऱ्या पोरीकडे मी अशा नजरेनं पाहिलं, की बिचारीनं आधी स्वतः एक घोट पिऊन दाखवला!

शिवाय आमच्याजवळ एक हत्यार होतं. आम्ही बंजारे. बाहेर मराठी बोलतो, घरात आमची गोरबोली. यवतमाळच्या कापड दुकानात आई, म्हणजे आमची याडी, दुकानदाराच्या तोंडावर गोरबोलीत सांगते, "हा लुटून राह्यला, ऊठ." तो बापडा हसून चहा मागवतो. हे हत्यार आजवर कधी फसलं नव्हतं.

काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहायचे म्हणून याडी, बायको आणि मी धक्क्यावर उभे होतो. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस पुढे आला.

"माताजी, बोट में चांदी नहीं चलती. मछली भड़कती है, काँच तड़क जाता है. लॉकर में रख दो."

याडीच्या गळ्यात हासली होती. चांदीचं जाडजूड कडं, इतकं वजनदार की याडी शिंकली तर घराचे पत्रे वाजतात. आजीनं मरताना ती तिच्या गळ्यात घातली. तेव्हापासून ती कधी निघाली नव्हती, दवाखान्यातसुद्धा नाही.

याडी त्याच्याकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात मला म्हणाली, "ई चोर छ!" म्हणजे, हा चोर आहे.

त्या माणसानं हात जोडले आणि चक्क गोरबोलीतच उत्तर दिलं. मराठीत सांगायचं तर, "याडी, चोर काहून म्हणतेस? मी तं आपलाच हाय."

माझ्या हातातलं शहाळं पडलं. समुद्राच्या लाटाही अर्ध्या वर येऊन थांबल्या. निदान मला तरी तसंच आठवतं.

याडी मात्र विरघळली. समुद्रापलीकडे आपली बोली! तिनं आपलं माहेरचं गोत्र सांगितलं आणि त्याचं विचारलं.

"माहंबी तेच, याडी."

"मंग तू माहा भाचा झाला रे!" तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मी 'अगं' म्हणेपर्यंत हासली काढून त्याच्या हातात दिली.

"याडी!"

"चूप बस. माहेरचा माणूस हाय."

बायको माझ्या कानात म्हणाली, "घ्या, आता याच्या लग्नात आहेरबी करा."

तो हासली पिशवीत टाकत होता. याडीची चौकशी काही संपली नव्हती. तांड्यातली कोणतीही बाई पुढचा प्रश्न विचारतेच.

"तुही माय कोणत्या गोत्राची?"

"तीबी आपल्याच," तो गोड हसून म्हणाला.

याडीचा हात हवेतच थांबला. आमच्यात एका गोत्राचे म्हणजे बहीणभाऊ. त्यांचं लग्न कोणी थट्टेतही जुळवत नाही.

"मंग तुह्या बापानं बहिणीसंग लगन केलं काय?"

त्याला काय चुकलं तेच कळेना. बोली त्यानं कुठून उचलली देव जाणे, पण नाती उचलली नव्हती. तोवर याडीनं त्याचं मनगट धरलं होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून उपटून घडलेला हात तो! गोरबोली विसरून तो हिंदीत किंचाळला, "छोड़ो अम्मा!" पिशवी याडीच्या हातात सोडून तो असा पळाला की बहुधा पुढच्या बेटावर जाऊनच थांबला असेल.

बोटवाल्याला मी विचारलं, "चांदी चलती है?" वेड्याकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

हासली घालून याडी बोटीत बसली. मला त्या ठगापेक्षा दुसरंच काही खुपत होतं.

"याडी, तू ती काढलीच कशी?"

ती काचेतून खाली पाहत म्हणाली,

"माहेरात आता कोणी उरलं नाही रे. वाटलं, एक तरी भेटला."

मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यला? मासे पाह्य."