मुंबई-बँकॉक चार तास, आणि पुढे?

कुणी बँकॉकला राहिलंय का? लगेच सांगा.

झरी गावचा माझा मावसभाऊ काल रात्री नोकरीसाठी तिकडं गेला. मावशी घाबरलेली. मीच म्हणालो, "तीन हजार किलोमीटर हाय, पण विमानाला चार-साडेचार तासच. परभणीहून मुंबईला रेल्वेनं याच्या दुप्पट वेळ जातो."

आमच्याकडं परगावी गेलेला माणूस "पोचलो" म्हणेपर्यंत घरी कुणी जेवत नाही. विमान पहाटेच उतरलं, मावशी अजून उपाशी.

दुपारी त्याचा फोन आला. "दादा, अजून गाडीतच हाय. शहर कवाच मागं पडलं. पासपोर्ट डायवरनं काढून घेतलाय." तेव्हापासून फोन बंद.

ऑफिस तर बँकॉकमध्येच हाय म्हणून सांगितलं होतं ना?

मावशी दारातून विचारायलीय, "पोचला म्हणला का रं? वाढू का?"