तात्यांनी मागे घेतलेली मागणी

तात्या देवाला पूर्ण पत्ता सांगत. शिमग्यात गावदेवाची पालखी दारोदार फिरते, प्रत्येक दारात थांबते आणि त्या घरासाठी एक जण मोठ्याने देवाकडे मागणं मागतो. त्याला आम्ही गाऱ्हाणं म्हणतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत तो मान तात्यांच्या घराण्याचा. तात्यांनी एकेक मागणं मागायचं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि मी ढोलावर टिपरू मारायचं, की मागणी देवाकडे दाखल झाली. इतर गावांत 'लेकराबाळांना सुखी ठेव' एवढ्यावर भागवतात. तात्यांना ते पटत नसे. कोणाचं लेकरू, राहतं कुठे, दुखणं कसलं, डॉक्टर काय म्हणाला, सगळं ते सांगत. "देवाकडं गर्दी हाय रे," ते म्हणायचे, "आडून मागितलं का तो आडूनच देतो."

त्यामुळे आमच्या वाडीत कुणाचं काही खाजगी म्हणून राहिलंच नाही. मी बारावीला नापास झालो ते घरच्यांनी शेजाऱ्यांपासून कसोशीने लपवलं होतं. शिमग्याला तात्यांनी भर अंगणात विषयासकट सांगून टाकलं. "फिजिक्समंदी पोरगा पार झोपला म्हाराजा, त्याला हात दे!" त्यावर गावाने इतक्या उत्साहाने होकार भरला की काय सांगू, आणि वर ढोलही मलाच वाजवावा लागला. सरपंचांच्या मूळव्याधीचा तर दरवर्षी आढावाच होई. लोक चिडत, तणतणत, आणि शिमग्याच्या आदल्या दिवशी गुपचूप तात्यांच्या ओटीवर येऊन आपापलं दुखणं सांगून जात.

तात्यांना एकच मुलगा, बाबू. काकी लवकर गेल्या, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. बाबू माझ्या वर्गातला. गळा असा की शाळेत प्रार्थना सुरू झाली की मास्तरसुद्धा छडी खाली ठेवत. तो मुंबईला गेला, कुणाकुणाच्या मागे कोरसमध्ये उभा राहिला, आणि मग टीव्हीवर ती गाणारी मालिका आली. तिच्यात माणसं चहासुद्धा गाऊनच मागत. बाबूला नायकाच्या मित्राचं काम मिळालं. बायकी हातवारे करायचे, पुरुषावर जीव टाकायचा आणि लोकांनी हसायचं, काम संपलं. तीन आठवडे लोक हसले. चौथ्या आठवड्यात बाबूने हातवारे सोडले आणि एका जागी उभं राहून, ज्याच्यावर जीव आहे त्याला निरोप देणारं गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच गाणं! महिनाभरात मूळ नायकाला मालिकेत अमेरिकेला धाडलं आणि बाबू नायक झाला.

वाडीला तर वेडच लागलं. आठ वाजले की वाटेवर कुत्रं दिसेना. मालिकेतल्या बाबूची आणि त्याच्या जोडीदाराची ताटातूट झाली तेव्हा माझी आई जेवली नाही. "मेल्यांनो, राहू द्या की त्यांना एकत्र, तुमचं काय जातंय?" असं ती टीव्हीला बजावत होती. पोलादपूरच्या नाक्यावर 'आमचा अभिमान' म्हणून फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांचे इतके फोटो की बाबू कुठे आहे ते शोधावं लागे.

मग एका मुलाखतीत बाबू सांगून बसला की ही गोष्ट माझीच आहे, हा समीर, आम्ही दोघं पाच वर्षं एकत्र राहतो. झालं! मालिकेतला चालत होता, वाडीतला चालेना. जी माणसं त्या दोघांसाठी नाक पुसत होती तीच आता 'काय हे, काय हे' करू लागली. फ्लेक्स मात्र कुणी काढला नाही, कारण शुभेच्छुकांचे फोटो चांगले आले होते.

आमच्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष अण्णा. मुंबईत सरकारी कचेरीत साहेब होऊन रिटायर झालेले. त्यांनी बैठक बोलावली. "आपण मॉडर्न लोक आहोत," ते म्हणाले. "शिमग्याला बाबूचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, गाणं, सब कुछ. फक्त त्या दुसऱ्याला वर आणायचा नाय. त्याची सोय महाडला लॉजवर करू. निवांत चवदार तळं बघू दे." स्वतःच्या बोलण्यात अण्णांना काही खटकलं नाही, आणि बैठकीतल्या आम्हां कुणालाही नाही. बाबूला फोन गेला. तो म्हणाला, दोघं येऊ, नाहीतर कुणीच नको. आधीच तीन शिमगे तो घरी आला नव्हता. तात्या भिंतीला टेकून ऐकत होते. उठताना एवढंच म्हणाले, "म्हणजे माझं पोर यंदाबी घरला येत नाय." मला त्यांच्याकडे बघवेना.

तात्यांची पंचाईत निराळीच होती. गेली नऊ वर्षं स्वतःच्या दारात ते एकच गाऱ्हाणं घालत आले होते, बाबूला बायको मिळू दे. तेही सगळ्या अटी सांगून. मुलगी शिकलेली हवी, महाड नाहीतर पोलादपूर तालुक्यातलीच हवी, आणि गाणाऱ्या माणसाला सांभाळून घेणारी हवी. दरवर्षी आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो.

त्या शिमग्याला पालखी तात्यांच्या अंगणात आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पुढच्या दांड्याला अध्यक्ष या नात्याने अण्णांचा खांदा. तात्यांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! नऊ वरसं तुज्याकडं सून मागत आलो. मला म्हाईत नव्हतं, माजी चूक झाली. ती मागणी आज मी मागं घेतो."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं. ऐकून मग होकार द्यायची पद्धत आमच्याकडे नाहीच. मीही ढोलावर टिपरू हाणलं. आणि मग आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो.

"माजा बाबू आन् त्याचा समीर, राहणार ठाणं," तात्या पुढे म्हणाले, "दोघं एकमेकांचे हायत. दोघांना एका गाडीनं माज्या घरला आण. आन् ह्या गावाच्या तोंडून त्यांना 'या' म्हणव."

कुणी हूं की चूं केलं नाही. तात्या हात जोडून उभेच. "जबाब आल्याबिगर पालखी हलायची नाय," ते शांतपणे म्हणाले. रिवाज तसाच होता, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. अण्णांनी खांदा बदलला. पुन्हा बदलला. घामाने सदरा पाठीला चिकटला. "तात्या, पुढली घरं राहिलीत," ते कुरकुरले. "घरं कुठं पळून जात नायत अण्णा," तात्या म्हणाले. आणखी थोडा वेळ गेला. शेवटी अण्णांच्या तोंडून कण्हल्यासारखं निघालं, "व्हय म्हाराजा." बाकीचे तिघे भोई तर वाटच बघत होते, ते जीव खाऊन ओरडले, आणि मग गावही ओरडलं. आमच्या वाडीत पुरोगामी विचार डोक्यातून आला नाही, खांद्यातून आला.

हे सांगताना मी हसतो खरा. पण तेवढा वेळ मीही गप्प होतो, शाळेत बाबूच्या बाकावर बसलेला मी. त्याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्यात दोघं आले, एकाच गाडीने. तात्यांनी समीरला ओटीवर बसवलं, फणसाचे गरे पुढे ठेवले आणि विचारलं, "पुरा पत्ता सांग बघू. बापाचं नाव, गाव, सगळं." समीर म्हणाला, "घरचे बोलत नाहीत माझ्याशी, तात्या." "असं? मग तेबी सांगायला लागंल देवाला," तात्या म्हणाले, आणि पोराच्या पाठीवरून हात फिरवत बसले. समीर मान खाली घालून गरे खात राहिला. त्याचे डोळे भरले होते.

देवाला ते सांगायचं तात्यांचं राहूनच गेलं. भर पावसाळ्यात तात्या झोपेतच गेले. असा माणूस पुन्हा होणे नाही, हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक मयताला म्हणतात, पण त्या दिवशी म्हणताना लोक खरोखर रडत होते.

पुढच्या शिमग्याला गाऱ्हाण्याचा मान वारसाने बाबूकडे आला. मंडळाने बैठक बोलावली नाही. मान दुसऱ्या भावकीला दिला असता तर आमच्या नातवंडांपर्यंत कोर्टकचेरी चालली असती, आणि त्यापेक्षा बाबू परवडला. तो आला. समीर शेजारी कागद घेऊन उभा, कुणाचा गुडघा, कुणाची विहीर ते हळूच सांगत होता. बाबूचा आवाज टीव्हीवरचा नव्हता, साधा होता. समीरच्या घरच्यांचं गाऱ्हाणंही त्याने आपल्या दारात घातलं, आणि गावाने विनातक्रार होकार भरला.

मग पालखी अण्णांच्या दारात आली. अण्णा नारळ घेऊन पुढे झाले आणि बाबूच्या कानाशी लागले. ढोलवाला पालखीला चिकटूनच असतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बाबू, आमचा संजय... तो पुण्याला असतो ना... तोबी तुज्यासारखाच हाय."

बाबूने आवाज खाली आणला. "अण्णा, हे इथे सांगायचं का, त्याला विचारलंत?"

"त्यानंच सांगितलंय फोनवर. म्हणाला, बाबूदादाच्या तोंडून होऊ दे." अण्णांनी नारळ पालखीपुढे ठेवला. "नाव घेऊन सांग रे. आडून नको."

बाबूने हात जोडले आणि सांगितलं. संजयचं नाव, पुण्याचा पत्ता, सगळं. "त्याला त्याच्या जिवाचा जोडीदार दे म्हाराजा, आणि त्याच्या बापाला त्याच्या बाजूला उभं राहायचं बळ दे."

अण्णा जमिनीकडे बघत उभे होते. मी गावाची वाट बघितली नाही. घसा फाटेस्तोवर एकटाच ओरडलो, "व्हय म्हाराजा!"