चोवीस कोयते

अकरा जानेवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील, एका माणसाला चौकशीसाठी आणल्याची ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. ती वेळ विसरता येत नाही. आता मी पोलीस सेवेत नाही, म्हणून त्या दिवसाबद्दल लिहिते आहे.

खबर एका ऊसतोड मुकादमाने दिली होती. केडगावात भाड्याच्या खोलीत राहणारा एक म्हातारा कोयते जमवतो आहे आणि कारखान्यावर काहीतरी घडवणार आहे, असे त्याचे म्हणणे. हे म्हातारे गृहस्थ आमच्या दप्तरी जुने. तरुणपणी बायकोसह ऊस तोडला, पुढे तोडणी कामगारांना संघटित करताना दोनदा तुरुंगात गेले, आणि सतत पत्रके लिहीत राहिले. भाषा जहाल: ‘कारखान्याला घाम फुटेल, तेव्हाच आपला सुकेल.’

झडतीत हत्यार एकही मिळाले नाही. एक वही मिळाली. पहिली ओळ, ‘आपला, एक कोयता’. मग किसन, एक कोयता. भीमा, एक कोयता. शेवटी बेरीज आणि खाली वाक्य: ‘चोवीस कोयते तयार आहेत. आता माघार नाही.’

मी पुण्यात वाढलेली, भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, पहिल्याच नेमणुकीवर. मला पुरावा निर्विवाद वाटला. त्यांना ठाण्यात आणून मी पहिला प्रश्न विचारला, कोयते कुठे आहेत.

“फडात,” ते म्हणाले.

‘शस्त्रे उसात असल्याची कबुली’, असे मी लिहून घेतले. आडनावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत. नावे फुटली तर मुकादम त्या लोकांना हाकलून देईल, एवढेच म्हणाले. मग बोलले, “बाई, मंडळी सिव्हिलमधी हाये. दम लागलाय तिला. बारापर्यंत सोडा, डबा न्यायचाय.”

चौकशीच्या दिवशी संशयितांच्या घरी हमखास कोणीतरी आजारी असते, असा माझा अल्प अनुभव होता. खात्री करायला एक फोन पुरेसा होता. तो मी चौकशीनंतरच्या कामांत टाकला.

दुपारी वही मुद्देमालात जमा करताना आमची महिला शिपाई ती यादी वाचू लागली. ती पाथर्डीकडची, ऊसतोड कामगारांच्या घरातली.

“मॅडम, ही हत्यारं न्हाईत,” ती म्हणाली. “नवरा-बायको मिळून एक कोयता. माझे आई-बाप एक कोयताच हुते की.”

“आणि जोडीतले एकच उरले तर?”

“अर्धा कोयता.”

म्हणजे ती अठ्ठेचाळीस माणसे होती, काम बंद ठेवायला तयार झालेली. पहिल्या ओळीतला ‘आपला’ म्हणजे ते स्वतः आणि त्यांची पत्नी; बाकीची खरोखरच फडात होती, ऊस तोडत. म्हाताऱ्याने एकही उत्तर खोटे दिले नव्हते.

तेव्हा मी रुग्णालयात फोन केला. त्यांची पत्नी सव्वा वाजता गेली होती. ‘आमचं माणूस आलं का’, असे तिने दोनदा विचारल्याचे परिचारिकेने सांगितले.

हे त्यांना मीच जाऊन सांगितले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. डबा खोलीवर तसाच राहिला, म्हणाले, आणि वही मागितली.

प्रयोगशाळेत एककाशिवाय आकडा लिहिला, तर आमचे शिक्षक पान परत करीत. ठाण्यात मी चोवीस हा आकडा लिहिला आणि तो कशाचा आहे, हे कोणालाही विचारले नाही. माणसे आपल्या शब्दांत खरे सांगत असतात. तो शब्द त्यांच्याकडे काय मोजतो, हे आधी विचारावे लागते. ते न विचारल्याची किंमत मात्र मी मोजली नाही, त्यांनी मोजली.

त्यांनी माझेच पेन घेतले, पहिल्या ओळीतला ‘एक’ खोडला आणि वर ‘अर्धा’ लिहिले. मग वही माझ्याकडे सरकवली.

“बेरीज तुमी करा. लई शिकलाय म्हन्त्यात तुमी.”

मी चोवीसवर रेघ मारली आणि शेजारी लिहिले: साडेतेवीस.