उद्धट नर्स

वरंधच्या वरल्या अंगाला आमची वाडी. अठ्ठ्याहत्तर साली तिथल्या उपकेंद्रात तुळसाबाई नर्स होती. कागदावर तिघी, पायांवर एकटी. शिकलेल्या पोरी मुंबई धरायच्या. डोंगरात कोण मरायला येतंय? बारा वाड्यांची बाळंतपणं तुळसाच्या एका पिशवीत.

बाई महाडकडच्या बौद्धवाडीतली. पयल्या वर्षी वाडीचा पुढारी रावजी याच्या घरच्या वटीवर तिला पाणी वरून ओतून मिळालं. मग रावजीची म्हातारी तापानं आडवी झाली, तुळसानं तिला उभी केली, तसा तांब्या हातात मिळायला लागला. धर्म बुडाला नाय. पोहायला शिकला असंल.

आधीच्या शकू नर्सचं गावानं अर्ज करून कौतुक केलं होतं. हापिसानं वाचलं नि पंधरा दिवसांत तिला तालुक्याला उचलली. एवढी चांगली बाई डोंगरात कशाला? तेव्हापासून गाव शहाणं झालं. आता तुळसाची बदली होणार अशी कुणकुण लागली, आणि रावजीच्या सुनेचे दिवस भरत आलेले. रावजीनं मास्तरांकडून अर्ज लिवून घेतला: नर्सबाई उद्धट, हात जड, वेळेवर येत नाहीत. असलं ध्यान कोण नेईल? तेहतीस अंगठे उठले. जिची पोरं तुळसाच्या हातची, तिचा अंगठा जास्त ठळक. तुळसाला कोणी विचारलं नाय.

आठव्या दिवशी हुकूम आला. तक्रारी गंभीर, बाईला नजरेखाली ठेवावी, सबब तालुक्याच्या दवाखान्यात बदली. तुळसानं उपकेंद्राची किल्ली रावजीच्या वटीवर ठेवली नि चालू पडली.

चौथ्या दिवशी सुनेला कळा सुटल्या. “पोर पायाळू, माझ्या हातचं नाय,” असं म्हणत सुईण बयाबाईनं अंग काढलं. डोली करून सुनेला सडकेला आणली, तिथून लाकडाच्या ट्रकनं दवाखान्यात. चाळीस खाटा, खाटांमधी चटया, आणि नर्स एक. ती तुळसाच.

तिनं सुनेच्या पोटावर हात ठेवला नि रावजीकडं बघितलं. “रावजीबाबा, माझा हात जड हाय. तुमीच लिवलंत. चालंल?”

“चालंल गो बाय,” रावजी जमिनीला म्हणाला.

नातू झाला, पायाकडून आला नि ठणठणीत रडला. रावजी फुलला. आता तुझ्या कौतुकाचा अर्ज देतो म्हणाला.

तुळसा पुढल्या खाटेशी पोचली होती. “माझा नको. वाडीवरच्या तीन जागा भरा म्हणून लिवा.”

तसला अर्ज आमच्या वाडीनं तोवर एकदाही केला नव्हता.