तेरच्या टेकाडावरचा निळा मणी

दोन सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याला, विनयला, महाबळेश्वर हवं होतं. मी म्हटलं, तेर.

"तिथं काय आहे?"

"कारखान्यांचं शहर होतं."

"कधी?"

"दोन हजार वर्षांपूर्वी."

तो हसला, पण आला.

सोलापूरहून धाराशिव गाडीनं दीडएक तास, रस्ता झकास. पुढं तेर आणखी अर्धा-पाऊण तास. हा रस्ता अरुंद आहे, समोर उसाची ट्रॉली असली तर घाई करू नका. मुक्काम धाराशिवलाच केलेला बरा.

सकाळी आधी संग्रहालय पाहिलं. शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती काम, भाजक्या मातीच्या बाहुल्या आणि मणी तर किती रंगांचे! इथं विणलेलं कापड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचं, तिथून थेट रोमला. मग विटांचं त्रिविक्रम मंदिर. दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा. अडीचशेच्या आत दोघांची पोटं भरली.

जेवून आम्ही गावाबाहेरच्या एका टेकाडावर गेलो आणि माझं डोकं फिरलं. टेकाडाची एक बाजू कुणीतरी यंत्रानं सरळ उभी कापून नेली होती. कापलेल्या भिंतीतून विटा, राख, खापरं उघडी पडली होती. जवळच एक म्हातारी शेळ्या राखत होती. रखमाबाई तिचं नाव.

"मावशी, ही माती कुणी नेली?"

"न्हेत्यात की. घराच्या जोत्यात भर घालाया."

"कुणी अडवत नाही?"

"म्या वरडते. पर शेरडं राखनारीचं कोन ऐकतंय?"

मी तावातावानं बोलत सुटले. पूर्वजांचे कारखाने आपण जोत्यात भरतो, लाज कशी वाटत नाही, वगैरे. रखमाबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर माझ्या मागं होती.

"दादा, मुठीत काय हाय?"

विनयनं मूठ उघडली. हरभऱ्याएवढा निळा मणी.

"लेकीसाठी घेतला मावशी. एकच आहे."

"येनारा परतेकजन एकच न्हेतो."

यावर माझ्या नवऱ्यानं काय करावं? खिशातून पन्नासची नोट काढून त्यांच्यापुढं धरली! रखमाबाईंनी हात पाठीमागं घेतले.

"म्या हितं इकाया बसले न्हाय."

"ठेव तो खाली," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"अगं, पावसात वाहूनच जाणार आहे."

"ठेव."

त्यानं ठेवला नाही. चिंचोका भिरकावावा तसा भिरकावला. रखमाबाई वाकल्या. खापरांत बराच वेळ चाचपून त्यांनी तो मणी शोधला, बोटानं माती उकरून आत घातला आणि वरून हात दाबला. मी "येतो मावशी" म्हणाले, तर त्यांनी मान वर केली नाही. शेळ्या घेऊन उताराला लागल्या.

परतताना मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवली. धाराशिवचे गुलाबजाम जरूर खा. मी रागाच्या भरात चार खाल्ले.

विनयचा राग येतोच. पण एक गोष्ट त्याहून जास्त झोंबते. मी बोलायला लागण्याआधीच तो वाकून माती उकरताना मला दिसला होता. माती नेणाऱ्यांच्या नावानं मी गळा काढत होते आणि घरच्या माणसाला हटकलं ते एका परक्या बाईनं.

आता विनय हा किस्सा मित्रांना हसत सांगतो, "बायको एका मण्यापायी पेटली!" परवा त्यांच्यातल्याच एकाचा मला फोन आला.

"वहिनी, ते टेकाड नेमकं कुठंय? आम्हीही जावं म्हणतोय."

संग्रहालयाचा रस्ता मी त्यांना वळणावळणानं सांगितला. मंदिराचा सांगितला, खानावळीचाही सांगितला. टेकाडाचा सांगितला नाही, आणि इथंही लिहिणार नाही.